फ्लँडर्समधील एक मठ व त्याची काळी बीअर

संन्याशांच्या मठांत मद्य तयार होतें व तें विकून मठाचा योगक्षेम चालतो, असें कोणीं सांगितलें असतां आमच्याकडील सुशिक्षित गृहस्थाच्या मुद्रेवर प्रथम अविश्वास व मागाहून किंचित् हसूं उमटल्यावांचून राहत नाहीं. मठ म्हटला कीं दूध, फळें, फार तर प्रसादाचा शिरा एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. आणि मद्य म्हटलें कीं गांवाबाहेरचा गुत्ता. हीं दोन्ही एकाच आवारांत, एकाच घंटेच्या नादाखालीं, पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ सुखानें नांदत आहेत, हें प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज आम्हांसही खरें वाटलें नसतें. बेल्जम देशाच्या पश्चिम टोंकास, फ्लँडर्स प्रांतांत, वेस्टफ्लेटरेन नांवाचें एक खेडें आहे. तेथील सिंट सिक्स्टसच्या मठांत होणारी काळी बीअर दर्दी लोक जगांतील उत्तमांत उत्तम म्हणून वाखाणतात. ती आम्हीं चाखून पाहिली. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं ही वस्तु कधीं आली नसेल, व ती यावी असा आमचाही आग्रह नाहीं. पण त्या पेल्याच्या निमित्तानें एका निराळ्याच जातीच्या कारखानदारीची ओळख आम्हांस झाली. गिऱ्हाईक दारांत उभें असतांना ‘आम्हांस इतकें पुरे’ असें म्हणणारी ही कारखानदारी चालते तरी कशी, हें वाचकांच्या कानांवर घालावें असें मनांत आलें.

ब्रुसेल्सहून आगगाडीनें निघालें म्हणजे कोर्ट्राइक व ईपर हीं स्थानकें मागें टाकून गाडी पोपरिंगे येथें थांबते, ती कायमचीच. कारण रूळ तेथेंच संपतात. ईपर हें नांव पहिल्या महायुद्धाचा इतिहास वाचणाऱ्यांच्या परिचयाचें आहे. तेथील मेनिन दरवाजाच्या भिंतींवर, ज्यांच्या देहाचा पत्ताच लागला नाहीं अशा पन्नास हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें कोरलेलीं असून त्यांत हिंदी सैनिकांचीं नांवेंही शेंकड्यांनीं आहेत. १९१५ च्या एप्रिलांत विषारी वायूच्या त्या कुप्रसिद्ध हल्ल्यानंतर लाहोर डिव्हिजन ह्याच रणांगणांत लोटली गेली होती. तीं नांवें वाचीत आम्ही तासभर उभे होतों. त्यानंतर बीअर प्यावयास जाणें हें थोडें विचित्र वाटलें, हें खरें. पण ह्या भागांत स्मशान, शेत व मद्यशाळा एकमेकांस इतकीं लागून आहेत कीं एकास वगळून दुसऱ्याकडे जातांच येत नाहीं.

पोपरिंगेच्या आसपास देखावा पालटतो. उंच उंच खांबांवर तारा ताणून त्यांवर हॉपचे वेल चढविलेले असतात. दुरून पाहणारास हे आपल्याकडील पानमळेच आहेत कीं काय असा भास व्हावा. हॉप ही भांगेच्या कुळांतील वेल होय. तिच्या शंक्वाकृति फुलांमुळें बीअरला कडवटपणा येतो व ती टिकाऊ होते. वसंताच्या आरंभीं ह्या वेलीचे कोंवळे कोंब खुडून त्यांची भाजीही करतात, व ती त्या गांवची मोठी मेजवानी समजली जाते. आमच्या सौभाग्यवतींनीं ही माहिती लक्षपूर्वक ऐकली. बीअरपेक्षां तिच्यांतच त्यांस अधिक रस दिसला.

आमचे मेहुणे नोकरीच्या निमित्तानें ब्रुसेल्स येथें राहतात. त्यांनीं सायकली भाड्यानें घेतल्या व आम्ही तिघे सपाट रस्त्यानें मठाकडे निघालों. अंतर सहा-सात किलोमीटरांचें. ह्या बाजूस झाडींत डोझिंगहेम नांवाची युद्धांतील सैनिकांची दफनभूमि आहे. हें नांव कोणा जुन्या फ्लेमिश खेड्याचें असावें असें वाटतें, पण तें तसें नाहीं. १९१७ च्या सुमारास येथें जखमी सैनिकांचीं इस्पितळें उभारलीं गेलीं, तेव्हां इंग्रज शिपायांनीं औषधाची मात्रा देणें, दुरुस्त करणें व पट्टी बांधणें ह्या अर्थाच्या आपल्या क्रियापदांस फ्लेमिश गांवांचें शेंपूट जोडून डोझिंगहेम, मेंडिंगहेम व बांडाघेम अशीं तीन नांवें थट्टेनें बनविलीं. ती थट्टा करणारे गेले व थट्टा मात्र दगडावर कोरून राहिली.

मठ बाहेरून पाहतां अगदीं साधा आहे. विटांची भिंत, मागें उंच झाडें, भोंवतीं शेतें. आंतल्या भागांत पाहुण्यांस प्रवेश नाहीं. भिंतीसमोर रस्त्यापलीकडे ‘इन दे फ्रेदे’ नांवाचें मठाचें उपाहारगृह आहे. नांवाचा अर्थ ‘शांततेंत’ असा. मात्र सुटीच्या दिवशीं तेथें इतकी गर्दी उसळते कीं हें नांव ठेवणारानें पुढचें भविष्य पाहिलें नसावें. शेजारींच एका छोट्या प्रदर्शनांत मठवासीयांच्या जीवनाची माहिती दिलेली आहे. ज्यांस भिंतीपलीकडचें कुतूहल असेल त्यांनीं तेवढ्यावरच समाधान मानावयाचें.

ह्या मठाचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. १८१४ सालीं पोपरिंगेचा यान-बाप्टिस्ट व्हिक्टोर नांवाचा हॉपचा व्यापारी व्यवहार सोडून ह्या रानांत एकांतवासासाठीं येऊन राहिला. १८३१ सालीं जवळच्याच, पण फ्रान्सच्या हद्दींत असलेल्या कॅट्सबर्ग टेंकडीवरील मठांतून कांहीं साधु येऊन त्यास मिळाले व रीतसर मठ स्थापन झाला. १८३८ च्या सुमारास बीअर उकळण्यास आरंभ झाला. पुढें जवळजवळ शंभर वर्षें ती मठांतील मंडळी व पाहुणे ह्यांच्यापुरतीच होती. बाहेरच्या लोकांस विकूं लागले तें १९३१ पासून. पहिल्या महायुद्धांत जर्मनांनीं बेल्जममधील इतर ट्रॅपिस्ट मठांच्या उकळणीच्या तांब्याच्या कढया काढून नेल्या. सिंट सिक्स्टस मात्र जर्मनांच्या ताब्यांत न गेलेल्या चिंचोळ्या पट्टींत असल्यामुळें त्याच्या कढया वांचल्या.

‘ट्रॅपिस्ट’ हा शब्द वर आला आहे, त्याचा खुलासा केला पाहिजे. ख्रिस्ती साधूंमध्यें संत बेनेडिक्ट ह्याची सहाव्या शतकांतील नियमावली प्रमाण मानणारे जे अनेक पंथ आहेत, त्यांत १०९८ सालीं फ्रान्समधील सितो येथें निघालेला सिस्टर्शियन पंथ विशेष कडक. त्यांतही शिथिलता आली तेव्हां १६६४ सालीं ला त्राप येथील मठाधिपति द रांसे ह्यानें पुन्हां लगाम ओढला. त्याच्या अनुयायांस ट्रॅपिस्ट म्हणूं लागले. पहाटेच्या अंधारांत उठून प्रार्थना, दिवसांतून सात वेळां सामुदायिक स्तोत्रपाठ, मितभाषण, आणि उरलेल्या वेळांत स्वतःच्या हातांनीं काम; भिक्षेवर जगावयाचें नाहीं. बेनेडिक्टच्या नियमावलींत निरोगी साधूंस चतुष्पाद प्राण्यांचें मांस वर्ज्य आहे, हें आमच्या वाचकांस मुद्दाम सांगण्यासारखें आहे.

मग मद्य वर्ज्य कां नाहीं? ह्या प्रश्नास त्याच नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणांत मोठें प्रामाणिक उत्तर आहे. दुसऱ्यानें किती प्यावें हें ठरवितांना आपलें मन कचरतें, अशी कबुली बेनेडिक्ट आरंभींच देतो. मग दुर्बळांची सोय पाहून दररोज एक हेमिना, म्हणजे सुमारें पाव लिटर किंवा थोडा अधिक द्राक्षारस पुरे, असें माप घालून देतो. आणि शेवटीं म्हणतो कीं मद्य हें वस्तुतः साधूंस मुळींच शोभत नाहीं, पण आजच्या साधूंस तें पटवून देतां येत नाहीं, तेव्हां निदान बेताबातानें तरी प्यावें. मनुष्यस्वभाव ओळखून केलेलें असें विधान धर्मग्रंथांत क्वचितच आढळतें. उत्तरेकडील थंड देशांत द्राक्षें पिकत नाहींत, जव पिकतात. म्हणून द्राक्षारसाची जागा बीअरनें घेतली. शिवाय पुष्कळ मठांत साधूंच्या स्वतःच्या जेवणासाठीं निराळी, फिकी व सौम्य बीअर काढण्याची रीत आहे. जिच्यासाठीं दूरदूरचे लोक येतात ती जहाल काळी बीअर मुख्यतः विकण्यासाठीं असते.

ती कशी होते हें आमच्या कुटुंबांतील जाणत्या स्त्रियांस एका वाक्यांत सांगतां येईल: जवाचें आसव. आपल्याकडे द्राक्षासव, दशमूलारिष्ट हीं जशीं गूळ व धायटीचीं फुलें घालून, तोंड बंद करून, महिनाभर मुरविलीं जातात, तोच हा प्रकार. जव भिजवून मोड आणावयाचे. मोड आल्यानें पिठाची साखर होण्याची तयारी होते. मग ते वाळवून, भरडून, गरम पाण्यांत मुरवून गोड रस काढावयाचा. हॉप घालून तो उकळावयाचा. निवल्यावर त्यांत किण्व मिसळावयाचें. काळ्या बीअरला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बीटाच्या साखरेचा गडद होईतों आटविलेला पाक. रंग व खोल चव हीं बरीचशीं त्याचींच. किण्व येतें तें दुसऱ्या एका ट्रॅपिस्ट मठांतून, अँटवर्पजवळच्या वेस्टमाल येथून. विरजण संपलें म्हणजे शेजारणीकडून वाटीभर आणावें तसें. हें किण्व साध्या बीअरपेक्षां बऱ्याच उष्ण रसांत काम करतें, व त्या उष्णतेंत साखरेचें मद्य करतां करतां नाना प्रकारचे सुगंध उत्पन्न करतें. पिकलेल्या केळ्यास ज्या द्रव्यामुळें वास येतो तेंच आयसोअमिल ॲसिटेट ह्या किण्वांतून निघतें. पुढें कित्येक आठवडे थंड जागीं मुरवून बाटल्या भरतात. बाटलींतही थोडें किण्व व साखर राहूं देतात, त्यामुळें टोपणाखालीं ती पुन्हां एकदां आंबते व वर्षानुवर्षें हळूहळू पालटत जाते.

मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. गुळाची ती गौडी व पिठाची ती पैष्टी. ह्या हिशेबानें पाहतां ही बीअर जवामुळें पैष्टी व पाकामुळें गौडी अशी दोन्ही एकदम ठरते. स्मृतिकारानें तिन्ही प्रकार सारख्याच कडकपणें निषिद्ध मानले असल्यामुळें ह्या वर्गीकरणाचा व्यवहारांत फारसा उपयोग नाहीं, हें आमच्या मेहुण्यांनीं हंसत दाखवून दिलें व तीन पेले मागविले. सौभाग्यवतींनीं एक परत पाठविला.

ह्या मठांत तीन प्रकारच्या बीअर होतात: फिकट रंगाची, ‘आठ’ आणि ‘बारा’. दीर्घकाळ ह्यांच्या बाटल्यांवर कागदी चिठ्ठीच नसे. हिरवें, निळें व पिवळें टोपण एवढीच ओळख. ‘बारा’ हा आंकडा मद्यांशाचा नव्हे. रसाची घनता मोजण्याच्या जुन्या पद्धतींतून तीं नांवें पडलीं आहेत. मद्यांश आहे १०.२ टक्के, म्हणजे नेहमींच्या बीअरच्या दुप्पट.

पेला रुंद तोंडाचा, देंठावर उभा, देवघरांतील पंचपात्री उंचावल्यासारखा. बाटली आडवी न हालवितां हलक्या हातानें ओततात, म्हणजे तळचा गाळ बाटलींतच राहतो. बर्फासारखी गार करून ती कधीं देत नाहींत. तळघरांतील पाण्याइतकी थंड असली म्हणजे पुरे, कारण फार गारठविली तर वास मरतो. प्रथमदर्शनीं ती काळीच दिसते. उजेडाकडे धरली म्हणजे कडेनें जुन्या शिसवी लांकडासारखी तांबूस झांक मारते. वर फेंस साईच्या रंगाचा, दाट, बराच वेळ टिकणारा.

आम्ही पेला नाकाशीं नेला आणि गोंधळलों. मद्याचा म्हणून जो एक उग्र दर्प मनांत धरून आम्ही बसलों होतों, तो आलाच नाहीं. आली ती काळ्या मनुकांची, खजुराची, थोड्या सुक्या अंजिराची गोडसर घमघम. मागून गुऱ्हाळांत चुलाण्यावरून उतरविलेल्या काकवीची. आणि सगळ्यांत शेवटीं लवंग व साल काळी पडलेलें वेलची केळें. पहिला घोट गोड लागला. पण ती गोडी जिभेवर बसून राहत नाहीं. घोट पसरूं लागला कीं असंख्य बारीक बुडबुडे तिला उचलून धरतात, आणि गिळतांना भाजलेल्या मेथीसारखा एक कडवट स्पर्श तिचा निरोप घेतो. मग छातींत ऊब उतरते. हीच ऊब जपून राहण्याची खूण होय. चव इतकी मऊ आहे कीं मद्यांश आपलें तोंड लपवून बसतो, व दुसरा पेला संपेपर्यंत तो तेथें आहे हेंही कळत नाहीं. मद्याच्या हिशेबानें ३३ सेंटिलिटरची एक बाटली म्हणजे साध्या बीअरच्या दोन. सायकलीवरून परत जावयाचें असल्यामुळें आम्हीं एकच पेला घेतला, आणि तो अर्ध्या तासापेक्षां अधिक वेळ पुरविला. उत्तरार्धांत बीअर थोडी कोमट झाली तेव्हां चवही पालटली. मनुका मागें पडल्या व जुन्या औषधी कपाटाचा, ज्येष्ठमधासारखा गंध पुढें आला. सोबत चीजचे चौकोनी तुकडे व मोहरीची चटणी होती. त्या खारटपणानें बीअरची गोडी अधिक उठून दिसली.

सौभाग्यवतींनीं पेला हातांत घेऊन नुसता वास घेतला. क्षणभर डोळे मिटले व म्हणाल्या, “ही तर दशमूलारिष्टाची थोरली बहीण. बाळंतपणांत सासूबाई रोज दोन चमचे देत असत.” ह्यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. ज्या घरांत मद्याचा थेंबही शिवला नाहीं असें आपण अभिमानानें सांगतों, त्या घराच्या फडताळांत आसवारिष्टांच्या बाटल्या पिढ्यान् पिढ्या असत, व आंबण्यानें त्यांत आपोआप मद्यांश उत्पन्न होतो हें कोणाही वैद्यास ठाऊक आहे. भेद आहे तो चमच्याचा व पेल्याचा. तो भेद लहान नाहीं. पण तो मापाचा भेद आहे, आणि मापाचीच गोष्ट बेनेडिक्टनेंही केली होती.

बेल्जममध्यें अशा जहाल बीअर इतक्या कां वाढल्या, ह्यास एक कारण कायद्याचें आहे. १९१९ सालीं तेथील एक मंत्री व्हांदरवेल्द ह्याच्या पुढाकारानें असा कायदा झाला कीं सार्वजनिक पानगृहांत भट्टीची ऊर्ध्वपातित दारू विकूं नये, आणि दुकानांतून घ्यावयाची तर एकदम दोन लिटरांहून कमी मिळूं नये. मजुरास दोन लिटरांची किंमत एकदम देववणार नाहीं, असा त्यांत हेतु होता. दारू कमी झाली. परंतु तिची ऊब शोधणाऱ्या लोकांसाठीं बीअर अधिकाधिक तीव्र होत गेली. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. मुंबई राज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाल्यावर हातभट्टीचें जें पीक आलें, त्याच्या कथा आमच्या वाचकांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. त्या मानानें बेल्जमचे लोक सुदैवी म्हणावयाचे. त्यांच्याकडील पळवाटेंतून निदान कांहीं चांगलें बाहेर पडलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों. दुसऱ्या महायुद्धानंतर मठाधिपतींस असें दिसूं लागलें कीं बीअरचा व्याप वाढत चालला असून प्रार्थनेचा वेळ तो खाऊं पाहत आहे. बहुतेक कारखानदार अशा वेळीं नवी कढई आणतात. ह्यांनीं उलट केलें. १९४६ सालीं शेजारच्या वाटू गांवांतील सिंट बर्नार्डस ह्या मद्यशाळेस मठाच्या नांवानें बीअर काढून विकण्याचा परवाना दिला, आणि स्वतः पुन्हां आपल्या गरजेपुरतीच काढूं लागले. तो करार १९९२ सालीं संपला. त्याच वर्षीं मठानें नवी मद्यशाळा बांधली, पण उत्पादनाचें प्रमाण बहुतेक तेंच ठेविलें. आजही तें वर्षास पांच-सहा हजार हेक्टोलिटरांच्या घरांत आहे. मोठे कारखाने तितकें एका दिवसांत सहज काढतात.

२००५ सालीं बीअरच्या शोकिनांच्या एका मतमोजणींत वेस्टफ्लेटरेनच्या ‘बारा’ला जगांत पहिला क्रमांक मिळाला व वर्तमानपत्रांनीं ती वार्ता सर्वत्र नेली. मठाच्या दारापुढें मोटारींची रांग लागली, सांठा संपला. कोणाही व्यापाऱ्यानें हा देवाचा प्रसाद समजून किंमत तिप्पट केली असती. साधूंनीं किंमतही फारशी वाढविली नाहीं व उत्पादनही वाढविलें नाहीं. त्यांनीं फक्त नियम घातले. दूरध्वनीवरून आधीं नोंदणी करावी. मोटारीचा क्रमांक सांगावा. त्याच मोटारीस व त्याच दूरध्वनीस साठ दिवस पुन्हां माल मिळणार नाहीं. आणि घेतलेला माल दुसऱ्यास विकूं नये, असें पावतीवरच छापलेलें. तरीही दुप्पट-चौपट भावानें तो दूर देशीं विकला जातोच. २०१९ पासून दूरध्वनीच्या जागीं इंटरनेटवरील नोंदणी आली. बीअर मूळ तीच.

एकदांच अपवाद झाला. मठाच्या इमारती जीर्ण झाल्या, बांधकामास मोठी रक्कम हवी होती, तेव्हां २०११ सालीं बेल्जमच्या दुकानांतून व २०१२ मध्यें अमेरिकेसह कांहीं परदेशांत ‘बारा’चे खास संच विकावयास ठेवण्यांत आले. पैसा जमला, आणि दुकानांतील विक्री बंद झाली. आमच्याकडे जीर्णोद्धारासाठीं काढलेल्या वर्गण्या जीर्णोद्धार झाल्यावरही चालूच राहतात, ही गोष्ट त्या वेळीं आमच्या मनांत आल्याखेरीज राहिली नाहीं.

ह्याचा अर्थ व्यवहारांत हे साधु भोळे आहेत असा कोणी करूं नये. ‘ट्रॅपिस्ट’ हें नांव कोणींही वापरूं नये म्हणून ते न्यायालयांत गेलेले आहेत, व १९९७ सालीं अनेक मठांनीं मिळून एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला आहे. ह्या संघाची षट्कोनी मुद्रा मिळण्यास तीन अटी आहेत: माल मठाच्या भिंतीच्या आंत व्हावा, साधूंनीं स्वतः किंवा त्यांच्या देखरेखीखालीं करावा, आणि प्राप्ति मठाचा निर्वाह व धर्मदाय ह्यांकडे जावी. जी बीअर नुसती ‘मठाची’ म्हणून विकली जाते तिला ह्या अटी लागू नाहींत. ती बहुधा एखाद्या मोठ्या कंपनीच्या कारखान्यांत होते व मठास नांवाबद्दल कांहीं रक्कम मिळते. लेफ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तीही वाईट असते असें नाहीं. वाटूच्या सिंट बर्नार्डसची काळी बीअर आम्हीं दुसऱ्या दिवशीं चाखली. १९९२ पर्यंत ह्याच दोन घरांचें सूत जमलेलें असल्यामुळें चवींत सख्ख्या चुलतभावांसारखें साम्य आढळलें. डोळे बांधून दिली असती तर आम्हांस ओळखतां आली असती असें आम्ही छातीठोकपणें सांगणार नाहीं.

तेव्हां फरक चवींत नसून भिंतींत आहे, आणि खरी काळजी त्या भिंतीच्या आंत आहे. बेल्जममधील मठांत नवे साधु फार थोडे येतात. आहेत ते वृद्ध होत चालले आहेत. हॉलंडच्या सीमेवरील आखेल येथील मठांत १९९८ पासून पुन्हां बीअर निघूं लागली होती. तेथें राहणारे साधु उरले नाहींत, म्हणून २०२१ सालीं तिची षट्कोनी मुद्रा गेली, व २०२३ सालीं ती मिळकतच एका खासगी गृहस्थास विकली गेली. अमेरिकेंतील स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट मठानें २०२२ सालीं आपली मद्यशाळा बंद केली. आज बेल्जममध्यें शिमे, ओरव्हाल, रोशफोर, वेस्टमाल व वेस्टफ्लेटरेन असे पांच उरले आहेत. २०१६ सालीं युनेस्कोनें बेल्जमची बीअर-संस्कृति मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदविली. पण नोंद झाली म्हणून पहाटे घंटा वाजवावयास कोणी तरुण येतो असें नाहीं. कढया, कृति, किण्व हें सर्व दुसऱ्याच्या हातीं देतां येतें. जें देतां येत नाहीं तें ‘इतकें पुरे’ म्हणण्याचें बळ, कारण तें ज्यांच्या अंगीं आहे त्यांस पैशानें दुसरें कांहीं घ्यावयाचेंच नाहीं. साधु गेले व तीच कढई नोकरांच्या हातीं आली, तर ती वर्षास सहा हजार हेक्टोलिटरांवर किती दिवस थांबेल? उपाहारगृहांतील ती गर्दी पाहतां आम्हांस फार दिवस वाटत नाहींत.

आम्ही निघालों तेव्हां भिंतीपलीकडे सायंप्रार्थनेची घंटा होत होती. रस्त्याच्या अलीकडे कोणींच ती ऐकली असें दिसलें नाहीं. पेल्यांवर पेले चालले होते. मेहुण्यांनीं नोंदणी करून चोवीस बाटल्यांचा एक लांकडी खोका घेण्याविषयीं सुचविलें. रिकाम्या बाटल्या व खोका परत केल्यास अनामत परत मिळते. सौभाग्यवतींनीं सामानाचें वजन, विमानाचे नियम व शेजारी काय म्हणतील हीं तीन कारणें एका दमांत सांगितलीं, आणि फारच वाटलें तर घरीं फडताळांत दशमूलारिष्ट आहेच, असें बजावून त्या सायकलीवर बसल्या.